ताऱ्यांचे प्राध्यापक

मंडळी, रात्री अंगणात बसून तुम्ही चांदण्या पाहिल्या असतील. जुने कोळी तर तारे पाहून होडी हाकीत. पण हे तारे किती लांब? ते कशाने तळपतात? असे विचारण्यात सारा जन्म घालवणारे एक मराठी प्राध्यापक होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. जयंत नारळीकर.

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला. वडील बनारसच्या विद्यापीठात गणित शिकवीत. जयंतराव बनारसलाच शिकले. १९५७ साली ते विलायतेत केंब्रिजला गेले. तिथे फ्रेड हॉईल हे मोठे शास्त्रज्ञ त्यांना गुरू लाभले. १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ. आंबा खाली पडतो तो पृथ्वीच्या ओढीने. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तोही त्याच ओढीने. त्यांचा सिद्धांत सगळ्यांना पटला नाही, पण जगभर त्याची चर्चा झाली.

विलायतेत मान होता. तरी १९७२ साली ते मायदेशी परतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. आपण बोरिवली-अंधेरीची माणसे लोकलने चर्चगेटला उतरतो. तिथून पुढे, कुलाब्याला समुद्राकाठी ही संस्था आहे. १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्याला 'आयुका' ही संस्था निघाली. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या माणसाने तिथे यावे आणि ताऱ्यांचा अभ्यास करावा, हा तिचा हेतू.

मुले त्यांच्याकडे सही मागत. ते म्हणत, "पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर लिहीन, खाली सही करीन." प्रश्न विचारायची सवय लागावी, म्हणून ही युक्ती.

आता आमच्या गावठाणातली एक गोष्ट सांगतो. आमच्या हाताखाली शिकलेली एक हुशार मुलगी. "हिच्या पत्रिकेत मंगळ आहे" म्हणून तिची तीन स्थळे मोडली. ग्रहशांतीपायी बापाने कर्ज काढले. आम्ही मास्तर असून गप्प बसलो. कशावरून म्हणता, एवढेसुद्धा विचारले नाही. ती खंत आजही आहे.

नारळीकरांनी मात्र विचारले. भांडण नाही, शिवीगाळ नाही. सरळ परीक्षा घेतली. सोबत्यांच्या मदतीने २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतली १०० मुले हुशार, १०० मुलांची बुद्धीची वाढ कमी. ज्योतिष्यांनी नुसती पत्रिका पाहून ओळखायचे, कोणती कोणाची. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरे दिली. मग निकाल जाहीर झाला. १०० उत्तरांत सरासरी ४६ बरोबर! अहो, डोळे मिटून छापा-काटा केला असता, तरी १०० त ५० च्या आसपास बरोबर आली असती.

सरकारने त्यांना १९६५ साली पद्मभूषण आणि २००४ साली पद्मविभूषण दिले. २० मे २०२५ रोजी पुण्याला ते वारले.

मंडळी, तुम्ही आता अक्षर शिकलात. बेरीज-वजाबाकीही येते. कोणी म्हणाले, "पोरीला मंगळ आहे," तर घाबरू नका. विचारा, "कशावरून? किती वेळा खरे झाले? किती वेळा खोटे?" वहीत लिहून ठेवा. मोजा. मग काय ते ठरवा. आकाशातला मंगळ कोणाचे लग्न मोडीत नाही, बरं का. लग्न मोडतो आपण.

प्रश्न
१. नारळीकर मुलांना सहीसाठी काय पाठवायला सांगत?
२. ज्योतिष्यांची १०० त किती उत्तरे बरोबर आली?
३. तुमच्या मनातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहा.