‘रागा जॅझ स्टाइल’ : चार-चार मिनिटांचे अकरा राग आणि ऐकण्याचा एक पाठ



कला शिक्षणाच्या तासाला आपण चित्रं काढून घेतो, कागदकाम करतो, समूहगीत बसवतो. त्यात मुलं गातात, पण शांत बसून ऐकतात का? ऐकणं हे कौशल्य भाषेच्या चार कौशल्यांत पहिलं. तरी त्याचा सराव आपण सर्वांत कमी घेतो. त्यातही वार्षिक परीक्षा जवळ आली की हा तास सहज गणिताला जातो. म्हणून फार साहित्य न लागणारा, अर्ध्या तासात होणारा एक पाठ इथे देत आहे. तो एका जुन्या, फारशा कोणाला आठवत नसलेल्या रेकॉर्डवर आधारलेला आहे.

ही रेकॉर्ड कोणती?

१९६८ साली संगीतकार शंकर-जयकिशन यांनी मुंबईत ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची एलपी काढली. ‘बरसात’पासून (१९४९) त्यांची सिनेमाची गाणी घराघरांत होती. या रेकॉर्डवर मात्र एकही गाणं नाही. फक्त वाद्यं आहेत आणि अकरा राग : तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ की मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी रिवाजाप्रमाणे भैरवी.

सतारीवर उस्ताद रईस खान. सॅक्सोफोनवर कलकत्त्याहून मुंबईला आलेले मनोहारी सिंग. ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो ल्युसिला पाशेको, गिटार ॲनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, ड्रम लेस्ली गोदिन्हो, तबला रमाकांत. नुसती नावं वाचली तरी ही मंडळी किती वेगवेगळ्या घरांतून आली असतील ते कळतं.

हे जॅझ मुंबईत कसं आलं?

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाचं संगीत. आधी एक सुरावट सगळे मिळून वाजवतात, मग एकेक वादक आपल्या मनाने ती फुलवतो आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ सुरावटीवर येतात. आपल्याकडच्या ख्यालात गायक बंदिशीचा मुखडा धरून विस्तार करतो आणि फिरून मुखड्यावर येतो, त्याच्याशी याचं नातं चटकन लक्षात येईल. फरक असा की जॅझमध्ये सुरांखाली कॉर्ड असतात, म्हणजे एकाच वेळी तीन-चार सूर वाजतात. रागसंगीतात तसं नसतं.

मुंबईच्या हॉटेलांत १९३०च्या दशकापासून जॅझ वाजू लागलं. गोव्याचे अनेक वादक चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य नोटेशन शिकून आलेले होते. त्यांना हे काम जमलं आणि तेच पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात आले. आपले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त (१९५१) गोव्याच्या चिक चॉकलेट यांच्या बँडची साथ आहे. बोंगो, कोंगा, माराकस ही लॅटिन अमेरिकेची तालवाद्यं आपल्या सिनेसंगीतात रुळवण्यात कावस लॉर्ड या पारशी वादकाचं मोठं नाव. कार्लोस सान्ताना यांच्या बँडने लॅटिन ताल आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र आणलेली पहिली रेकॉर्ड १९६९ची. म्हणजे जग जेव्हा असे प्रयोग करत होतं, तेव्हा मुंबईही मागे नव्हती.

मग ही रेकॉर्ड मागे का पडली?

मला वाटतं, ती दोन्हीकडची पाहुणी ठरली. गायक नाही, नट नाही, त्यामुळे सिनेमाच्या श्रोत्याला धरायला काही नाही. रागदारीच्या जाणकाराला चार मिनिटांत तोडी म्हणजे फारच अपुरी वाटणार. ते खोटंही नाही. काही ठिकाणी सतार आणि बँड एकमेकांत मिसळत नाहीत, नुसते आळीपाळीने वाजतात.

पण प्राथमिकच्या वर्गासाठी तोच उणेपणा उपयोगाचा आहे. तिसरी-चौथीचं मूल तासभराचा राग ऐकू शकणार नाही. चार मिनिटं ऐकू शकतं. आणि वाद्यं आळीपाळीने वाजतात म्हणूनच त्याला ती वेगळी ओळखता येतात.

वर्गात कसं घ्यावं?

रेकॉर्ड आता ऑनलाइन ऐकायला मिळते. मोबाइल आणि एक छोटा स्पीकर पुरेसा आहे.

१. वाद्य ओळखा. ‘कलावती’ लावा. वर्गाचे तीन गट करा : सतार, सॅक्सोफोन, ड्रम. आपलं वाद्य ऐकू आलं की त्या गटाने हात वर करायचा, थांबलं की खाली. बोलायचं नाही. दुसऱ्यांदा ऐकवताना गट बदला.

२. सवाल-जवाब. एका मुलाने टाळ्यांचा छोटा ठेका वाजवायचा, दुसऱ्याने त्याला जुळेल असा पण वेगळा ठेका द्यायचा. नुसती नक्कल चालणार नाही. आपल्या भिवंडीच्या मुलांना यंत्रमागाचा ठोका पाळण्यापासून माहीत आहे, त्यामुळे तालाला ती कमी पडत नाहीत.

३. एक सूर बदला. पेटीवर पांढरी एक ‘सा’ धरा आणि सा, रे, ग, प, ध वाजवा. हा भूप. आता फक्त ‘ग’च्या जागी त्याच्या डावीकडची काळी पट्टी, म्हणजे कोमल ‘ग’ घ्या. झाला शिवरंजनी. काय बदललं ते मुलांनाच विचारा आणि मग रेकॉर्डवरचा शिवरंजनी ऐकवा. पेटी नसेल तर मोबाइलवरचं पियानोचं ॲप चालेल.

पालकांसाठी एक गंमत. ‘सूरज’ (१९६६) चित्रपटातलं, बँडवाले वरातीत हमखास वाजवतात ते रफीसाहेबांचं गाणं आणि ‘मेरा नाम जोकर’मधलं (१९७०) मुकेश यांचं उदास गाणं, दोन्ही शंकर-जयकिशन यांचीच आणि दोन्ही शिवरंजनीवर बांधलेली. सूर तेच, पण एक लग्नाचं आणि एक आठवणींचं.

यातून काय साधायचं?

रागाची नावं पाठ करून घेऊ नका, परीक्षाही नको. आपल्याकडे एका चाळीत मराठी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी ऐकू येते. शाळेत बुजणारं मूल बऱ्याचदा ‘आपलं बोलणं इथलं नाही’ असं समजून गप्प बसतं. या रेकॉर्डवर सतार सॅक्सोफोनसारखी वाजायला जात नाही आणि सॅक्सोफोन सतारीची नक्कल करत नाही. तरी राग एकच राहतो, कारण एक वाजत असताना दुसरा ऐकत असतो. हे मुलांना भाषणातून सांगायची गरज नाही. हात वर-खाली करताना त्यांना ते कळतं.

गृहपाठ म्हणून प्रत्येकाने आजी-आजोबांकडून एक गाणं किंवा ओवी, कोणत्याही भाषेतली, ऐकून यावी. गाता आलं नाही तरी चालेल. त्यात कोणतं वाद्य वाजत होतं किंवा ते कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, एवढं सांगता आलं पाहिजे.