प्रशासनिक मराठीतील अर्थसंकोच : ‘निराधार’ कोणास म्हणावे?

४.१ उद्दिष्टे

हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• शब्दाचा कोशगत अर्थ व प्रशासनिक अर्थ यांतील भेद सांगता येईल.
• अर्थसाहाय्य योजनांतील सुधारणा आणि त्यांतील व्याख्या यांचा संबंध स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘मृग’ म्हणजे मुळात कोणताही वन्य पशू. पुढे हा शब्द हरणापुरता उरला. यास आपण अर्थसंकोच म्हणतो. सामान्य व्यवहारात तो कालौघात, नकळत घडतो. प्रशासनात मात्र तो शासननिर्णयातील एका वाक्याने घडविला जातो आणि त्याचे परिणाम माणसांच्या चुलीपर्यंत पोहोचतात.

४.३ विषय-विवेचन

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना राबविली जाते. ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त व्यक्ती, अनाथ मुले इत्यादींना तिच्यातून दरमहा रक्कम मिळते. ‘निराधार’ म्हणजे ज्याला आधार नाही तो. योजनेने या शब्दाला अंकांची चौकट घातली : दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असावे, अथवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे (दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये). २१,००० रुपये म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, तेही संपूर्ण कुटुंबाचे.

एक उदाहरण कल्पून पाहा. कर्करोगामुळे एका मजुराचे काम सुटले आहे. यादीत त्याचे नाव नाही. पत्नी धुणीभांडी करून महिन्याला २,००० रुपये मिळविते. वर्षाचे २४,००० झाले. भाषेच्या दृष्टीने हा गृहस्थ निराधार आहे. योजनेच्या दृष्टीने नाही. पत्नीने खरी मिळकत सांगितली, की पतीचे अनुदान जाते.

आता २०२४ मधील ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना पाहा. तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये असून पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट देण्यात आली. त्यामुळे आपल्या उदाहरणातील पत्नी, इतर अटी पूर्ण करीत असल्यास, ‘बहीण’ ठरू शकते. तिचा आजारी पती मात्र ‘निराधार’ ठरत नाही. घर एकच, चूल एकच, व्याख्या दोन.

निराधार योजनेचे अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले. ही वाढ स्वागतार्ह होती; परंतु त्या वेळी २१,००० ची मर्यादा तीच राहिली. रकमेतील वाढ व्याख्येच्या आत असलेल्यांनाच मिळते. बाहेर राहिलेल्यांसाठी व्याख्याच बदलावी लागते. निधी मर्यादित असल्याने कोठेतरी रेषा आखावी लागते, हे खरेच. तथापि मजुरी आणि भाव वाढत असता रेषा स्थिर राहिली, तर शब्द तोच राहूनही त्याचा अर्थ वर्षागणिक आक्रसत जातो.

‘लाभार्थी’ हा शब्दही तपासा. ‘विद्यार्थी’ म्हणजे विद्या इच्छिणारा; तसा ‘लाभार्थी’ म्हणजे लाभ इच्छिणारा. कार्यालयात मात्र इच्छिणारा ‘अर्जदार’ असतो आणि मंजुरीनंतरच ‘लाभार्थी’ होतो. दाराबाहेर राहिलेल्यासाठी ‘अपात्र’ एवढाच शब्द उरतो.

४.४ सारांश

प्रशासनिक शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, अटींमध्ये असतो. म्हणून योजनेतील सुधारणेचे मूल्यमापन करताना रकमेबरोबर व्याख्याही वाचावी.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘निराधार’ या शब्दाच्या प्रशासनिक अर्थसंकोचाचे स्वरूप सोदाहरण स्पष्ट करा.
२. क्षेत्रीय कार्य : कोणत्याही अर्थसाहाय्य योजनेचा अर्ज मिळवा. त्यातील पाच शब्दांचे कोशगत व प्रशासनिक अर्थ शेजारी शेजारी लिहा आणि त्या फरकामुळे कोण वगळले जाते, ते नोंदवा.