देहातील वेदनाशामके : सिरोटोनिन आणि मेंदूतील अफूसदृश द्रव्यांचा परस्परसंबंध

वार्षिक अहवालात ताळेबंदाबरोबरच आरोग्यविषयक एक लेख देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नातून सुचला.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. पहाटेपासून वाकून तोडणी करायची, मोळ्या डोक्यावर वाहायच्या आणि गाडी भरायची. हंगाम संपवून ही मंडळी परततात, तेव्हा कंबर, मान व गुडघ्यांचे दुखणे त्यांच्यासोबत गावी येते. नातेवाईक विचारतात, “फोटोत काहीच निघाले नाही, मग हे दुखते कसे? मनाचेच खेळ तर नव्हेत?” त्याचे उत्तर मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे.

देहाची स्वतःची अफू

अफूपासून मिळणारे मॉर्फीन वेदना का शमविते, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. १९७३ मध्ये अमेरिकेतील कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अशा द्रव्यांना धरून ठेवणारी ग्राहके असल्याचे दाखविले. निसर्गाने ती परक्या झाडाच्या चिकासाठी निर्माण केली नसणार, हे उघड होते. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे जॉन ह्यूजेस व हॅन्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी ‘एन्केफॅलिन’ ही द्रव्ये शोधली. ‘एंडॉर्फिन’ हे त्याच कुळातले.

सिरोटोनिनची ओळख त्याआधीची, १९४८ ची. शरीरातील बहुतांश सिरोटोनिन आतड्यांत तयार होते. मेंदू मात्र आपल्यापुरते स्वतः तयार करतो आणि त्यावर झोप, भूक, मनःस्थिती व वेदना यांचे नियमन अवलंबून असते.

दोघांचे सहकार्य

माजलगावच्या कालव्याची दारे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना समजणे सोपे जाईल. कंबरेतून निघालेला वेदनेचा संदेश मज्जारज्जूत शिरतो. तेथे जणू एक दार आहे आणि ते किती उघडे ठेवायचे, याचा हुकूम मेंदूतून येतो. मध्यमेंदूत हा हुकूम देणाऱ्या पेशींना एरवी काही पेशी दाबून धरतात. एन्केफॅलिन व एंडॉर्फिन या दाबणाऱ्या पेशींना शांत करतात. हुकूम मोकळा होऊन मेंदूच्या बुंध्याशी पोहोचतो. तेथून सिरोटोनिनवाही तंतू मज्जारज्जूत उतरतात आणि तेथील एन्केफॅलिनच्या साहाय्याने दार लोटले जाते. नॉरअ‍ॅड्रिनलिन हे तिसरे द्रव्यही या कामी हातभार लावते.

परंतु सिरोटोनिन सदैव दार लोटतेच असे नाही. त्याची ग्राहके अनेक प्रकारची आहेत. काही वेदना दडपतात, काही वाढवितात. दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले की तोल वाढविण्याच्या बाजूला झुकू शकतो. निद्रानाश, चिंता व नैराश्य यांनी त्यात भर पडते. म्हणूनच फोटोत काही न दिसताही दुखणे खरे असते. त्या रुग्णास ‘ढोंगी’ म्हणणे अन्यायाचे आहे. अशा दुखण्यात डॉक्टर कधी नैराश्यावरील गोळी देतात, ती याच नियमनासाठी. ती मिळाली म्हणून रुग्ण वेडा ठरत नाही.

सावधगिरी कोठे हवी

ट्रॅमाडॉल हे औषध दोन्ही व्यवस्थांवर एकाच वेळी काम करते. ते अफूवर्गीय ग्राहकांवर परिणाम करते आणि सिरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन यांचा निचराही मंदावते. योग्य रुग्णास योग्य मात्रेत ते उपकारक आहे. तथापि त्याची सवय लागू शकते. एप्रिल २०१८ मध्ये भारत सरकारने ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले. सिरोटोनिन वाढविणाऱ्या नैराश्यावरील गोळ्यांसोबत ते सल्ल्याविना घेतल्यास सिरोटोनिनचा अतिरेक होऊन घाम, थरथर, बेचैनी, जलद नाडी, ताप, स्नायूंचा ताठरपणा व भ्रम अशी लक्षणे दिसू शकतात. झटकेही येऊ शकतात. अशा वेळी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे.

कुटुंबीयांस आमची नम्र विनंती अशी :

१. शेजाऱ्याची किंवा टोळीतील सोबत्याची दुखण्याची गोळी घेऊ नये.
२. तपासणीस येताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या सोबत आणाव्यात.
३. नैराश्यावरील अथवा दुखण्यावरील नियमित गोळी स्वतःहून एकाएकी बंद करू नये.
४. झेपेल तेवढा व्यायाम, पुरेशी झोप व आपुलकीचा शब्द यांना कमी लेखू नये. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दाढ काढलेल्या रुग्णांना केवळ विश्वासाने मिळालेला आराम अफूविरोधी औषधाने नाहीसा झाल्याचे आढळले. धीर दिल्याने देहातील वेदनाशामके खरोखर जागी होतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.
५. मन खचल्यास ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहे.

वेदना मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. ती रुग्णाच्या सांगण्यावरूनच समजते. ते सांगणे शांतपणे ऐकून घेण्यास डॉक्टर व परिचारिकांना सवड मिळावी, यासाठीही दात्यांचे साहाय्य खर्ची पडते. ताळेबंदात त्याचे वेगळे शीर्षक नसते, तरी त्याचे मोल आम्ही जाणतो.