दगडाचा पोत आणि त्याची ताकद



चुनखडी हा गाळाचा खडक आहे, हे आपण सर्वजण पाठ करतो. परंतु चुनखडीचे दोन दगड एकमेकांपासून इतके वेगळे का वागतात, हे समजण्यासाठी दगड हातात घेऊन पाहावा लागतो.

आपण दोन परिचित उदाहरणे घेऊ. पहिले म्हणजे शहाबादी फरशी. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी ही फरशी मराठी घरांत ओट्यावर, न्हाणीत, अंगणात सर्वत्र दिसते. दुसरे म्हणजे आपल्या गुजरातमधील पोरबंदरचा दगड. १९व्या शतकात तो मुंबईतील मोठ्या इमारतींतही वापरला गेला.

दोन्ही दगड मुख्यतः कॅल्साइट या एकाच खनिजाचे आहेत. कॅल्साइटचे काठिण्य मोह्स मापावर ३ आणि घनता दर घन सेंटीमीटरला २.७१ ग्रॅम असते. मग फरक कशात? पोतात. पोत म्हणजे कणांचा आकार, त्यांची मांडणी आणि त्यांना जोडणारा बंध.

शहाबादी दगड ५० कोटी वर्षांहून जुना आहे. समुद्रतळाशी चुन्याचा अतिसूक्ष्म चिखल थराथराने साचून तो बनला. कण घट्ट बसल्याने पोकळी फारच थोडी राहिली. म्हणून तो जड असतो, पाणी कमी शोषतो आणि जास्त दाब सोसतो. थर असल्यामुळे त्याच्या सपाट फरशा निघतात.

पोरबंदरच्या दगडाला भूवैज्ञानिक मिलिओलाइट म्हणतात. सूक्ष्म सागरी जीवांची कवचे व चुन्याचे वाळूसारखे कण वाऱ्याने साचून तो तयार झाला. त्याचे वय काही लाख वर्षेच आहे. त्यातील गोलसर कण एकमेकांना जेमतेम टेकतात, मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून तो हलका असतो, करवतीने कापता येतो. मात्र तो पाणी पितो, आणि भिजल्यावर त्याची दाब सोसण्याची शक्ती घटते. खाऱ्या हवेत पोकळ्यांमध्ये मिठाचे स्फटिक वाढून त्याचा पृष्ठभाग झडू लागतो.

घरी प्रयोग करा. दगडाचा कोरडा तुकडा वजन करून २४ तास पाण्यात ठेवा. बाहेर काढून पुसा व पुन्हा वजन करा. ५०० ग्रॅमचे ५५० ग्रॅम झाले, तर जलशोषण १० टक्के. दोन्ही दगडांचे आकडे वहीत लिहून वर्गात आणा.

पालकांना एक विनंती. शहाबादी फरशी अ‍ॅसिडने धुऊ नका. कॅल्साइट अ‍ॅसिडमध्ये विरघळते. डागाबरोबर फरशीही झिजते.

विश्वस्त मंडळींनीही बांधकामासाठी दगड निवडताना केवळ रंग व भाव न पाहता जलशोषण आणि भिजल्यानंतरचे दाबसामर्थ्य विचारावे, असे आम्हांस वाटते. २००६ चा तापीचा पूर पाहिलेल्या सुरतेत हा प्रश्न अनाठायी नाही. मऊ दगड वाईट नसतो. तो योग्य जागी बसवावा लागतो, आणि ती जागा त्याच्या पोतावरून ठरते.