पीएसए वाढलं म्हणजे कर्करोगच का?

प्रश्न : वय ५८. साखर कारखान्यात नोकरी. रात्री तीन-चारदा लघवीला उठतो. शिबिरात पीएसए ६.२ निघालं. थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग होता. सुई टोचली की तो पसरतो, असं लोक म्हणतात. काय करू?
– एक वाचक, भवानीनगर

उत्तर : आधी घाबरणं सोडा. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतच तयार होणारं प्रथिन आहे. ग्रंथी वयानुसार वाढली किंवा लघवीत जंतुसंसर्ग असला तरी ते वाढतं. रात्रीचं उठणंही बहुधा त्या साध्या वाढीमुळेच असतं. सुरुवातीचा कर्करोग सहसा काहीच त्रास देत नाही. म्हणूनच, भावाला आजार होता हे पाहता, तुम्ही तपासणी टाळू नये.

लघवी तपासून घ्या, संसर्ग असेल तर उपचार करा आणि काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा. आधीचे दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा. प्रोस्टेटची गोळी चालू असल्यास सांगा. फिनास्टेराइडने आकडा निम्म्यावर येतो. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्याच्या ससूनमध्ये दाखवा. आकडा चढाच राहिला तर एमआरआय, मग गरजेनुसार बायोप्सी. सुईने कर्करोग पसरतो ही भीती मनातून काढा. खरा धोका संसर्गाचा आणि रक्तस्रावाचा, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आधी सांगा.

ग्रंथीपुरता असलेला कर्करोग बरा होऊ शकतो. मंद प्रकारात तर कित्येकदा नुसती नियमित तपासणी पुरते. मात्र लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाकटे भाऊ असतील तर त्यांनीही पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांशी या तपासणीबद्दल बोलावं.