सर्रा : मज्जासंस्थेची लक्षणे दिसण्यापूर्वीचे निदान

गोठ्यातील म्हैस अचानक एकाच जागी गोल फिरू लागते, भिंतीला डोके टेकवून उभी राहते, अडखळते आणि झटके येऊन कोसळते. अशा वेळी पशुपालकाला प्रथम विषबाधेची शंका येते, नंतर पिसाळलेल्या कुत्र्याची. दोन्ही शंका रास्त आहेत. मात्र पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत सर्रा ही तिसरी शक्यताही तितक्याच गांभीर्याने घ्यावी लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जनावर वाचत नाही. सर्रा वेळेत ओळखला तर वाचू शकते.

या रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांना घोडे व उंटांच्या रक्तात आढळला. त्याचा प्रसार मुख्यत्वे टॅबॅनस, म्हणजे घोडमाशी, करते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आफ्रिकेतील त्सेत्से माशीच्या शरीरात तिकडच्या ट्रिपॅनोसोमाची वाढ होते. घोडमाशीत तशी वाढ होत नाही. तिचा चावा वेदनादायक असल्याने जनावर तिला झटकते, आणि अर्धपोटी माशी शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तोंडाला लागलेले ताजे रक्त हेच प्रसाराचे साधन. त्यामुळे माशा वाढण्याच्या काळात गोठ्यात एखादे जरी बाधित जनावर असले, तरी ते इतरांना पुरेसे धोकादायक ठरते.

अडचण अशी की गाई-म्हशींत हे जनावर बहुधा निरोगीच दिसते. वाहतूक, विण्याचा ताण किंवा अतिश्रम झाल्यावर रोग उफाळतो आणि मग मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. उंटांत तो रेंगाळत राहतो. म्हणूनच त्याला ‘तिबरसा’, म्हणजे तीन वर्षांचे दुखणे, असे नाव पडले.

निदानाची जुनी पद्धत म्हणजे ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा परजीवी शोधणे, किंवा गिम्सा रंगाने रंगवलेला रक्तलेप तपासणे. ती स्वस्त आहे आणि सापडला तर पुरावा निर्विवाद असतो. पण ताज्या थेंबात परजीवी दिसण्यासाठी एका मिलिलिटर रक्तात त्यांची संख्या सुमारे एक लाख असावी लागते. परजीवी आपले बाह्य प्रथिन सतत बदलत असल्याने ही संख्या चढते-उतरते. म्हणून एका नकारात्मक तपासणीवर विसंबणे माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. केशनलिकेतील रक्त यंत्रात फिरवून पांढऱ्या पेशींच्या थराजवळ शोध घेतल्यास संवेदनक्षमता बरीच वाढते.

पीसीआर चाचणी परजीवीच्या डीएनएमधील पुन्हापुन्हा येणारा भाग शोधते, म्हणून अगदी थोडे परजीवी असले तरी ती पकडते. लॅम्प चाचणी एकाच तापमानावर होते, त्यामुळे महागड्या यंत्राविनाही ती करता येते. प्रतिपिंडे शोधणाऱ्या कार्ड-चाचण्या व एलिसा संपूर्ण कळपासाठी सोयीच्या आहेत. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विकसित केलेला सर्रा एलिसा संच जून २०२२ मध्ये प्रसृत झाला. तो अनेक प्रजातींच्या जनावरांसाठी उपयुक्त आहे. मात्र उपचारानंतरही प्रतिपिंडे काही महिने टिकतात, त्यामुळे सकारात्मक निकाल म्हणजे आजचा संसर्गच असे नाही.

परजीवी मेंदूत शिरल्यावर प्रश्न अधिक कठीण होतो. रक्तात तो सापडेनासा होऊ शकतो. तेव्हा पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी करावी लागते. नेहमीची औषधे मेंदूत पुरेशी पोचत नाहीत, आणि बरे वाटलेले जनावर पुन्हा आजारी पडते. त्यामुळे नवीन चाचण्यांचा खरा उपयोग पावसाळ्यापूर्वी, म्हणजे माशा वाढण्याआधी, मूक वाहक जनावरे शोधण्यासाठी व्हावा. बाजारातून आणलेले जनावर कळपात मिसळण्यापूर्वी तपासावे.

नमुना घेताना औषध टोचण्यापूर्वीच रक्त घ्यावे, शक्यतो ताप असताना. ईडीटीए नळीतील रक्त थंड ठेवावे, गोठवू नये. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी त्याच दिवशी काही तासांत व्हावी. हातमोजे अवश्य घालावेत आणि रेबीजची शंका असेपर्यंत जनावराच्या तोंडात हात घालू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला याच परजीवीचा संसर्ग झाल्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या रक्तात परजीवीला मारणारे प्रथिन नव्हते. असे रुग्ण अतिशय दुर्मीळ आहेत, पण नमुना घेणाऱ्याच्या बोटाला जखम असेल तर ती आधी झाकावी.