अभ्यासपाठ : बाजेचे चार कोपरे
वाचनभाग : मार्क २:१-१२



कफर्णहूममधील पक्षघाती माणसाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. बरे करणारा गावातच आला होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे? चौघांनी बाज उचलली. दारात गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडून त्याला खाली सोडले. प्रभूची नजर त्या वाहून आणणाऱ्यांच्या विश्वासावरही गेली, हे विसरू नये.

आपल्या आदिवासी पाड्यांवर आज हाच प्रश्न आहे. शाळा आहे, शिक्षक आहेत. मधला रस्ता मात्र कोणाचाच नाही. लहान वर्गांची शाळा बहुधा जवळ असते. नववीपासून तालुक्याचे गाव गाठावे लागते. शिक्षण हक्क कायदा, 2009 हा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे वाट लांबते त्याच वयात त्याचा आधार संपतो.

समजा, सातपुड्यातील एका पाड्यावर सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या पायांत बळ नाही. एसटी फाट्यापर्यंतच येते, आणि फाटा दोन नाल्यांपलीकडे. वडील रोज पोहोचवायला गेले तर मजुरी बुडते. पावसाळ्यात आठ दिवस खाडा होतो, मग पंधरा दिवस, आणि एके दिवशी हजेरीपटावरून नाव जाते. मुलगा नापास झालेला नसतो. तो पोहोचलेला नसतो.

अशा मुलासाठी कायदा वेगळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांग मुलांना वाहनाची सोय द्यावी, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनीसालाही द्यावी, असे हाच कायदा सांगतो. समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता व मदतनीस भत्ता आहे. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत मिळते. पण कागदावरची सोय स्वतः चालत पाड्यावर येत नाही. तिलाही कोणीतरी उचलून आणावे लागते.

मग आपल्या मंडळीने कोणते कोपरे धरावेत?

पहिला कोपरा, कागद. दिव्यांगत्वाचा दाखला, युडीआयडी कार्ड, आधार, बँकेचे खाते. कुटुंबासोबत सरकारी रुग्णालयात जा. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणाऱ्यांना भेटा.

दुसरा कोपरा, सोबत. आठवड्यातून एक दिवस जरी एका घराने जबाबदारी घेतली, तरी सहा घरांत आठवडा निघतो. मात्र सोबत करणारा माणूस पालकांच्या आणि शाळेच्या ओळखीचा व खात्रीचा असावा. मुलीसोबत शक्यतो बाईमाणूस असावे.

तिसरा कोपरा, वाट शिकवणे. सावकाश शिकणाऱ्या मुलीला आयुष्यभर हात धरून नेणे ही मदत नव्हे. तिला बसची पाटी ओळखायला, सुटे पैसे मोजायला, आपला थांबा लक्षात ठेवायला शिकवा. आधी बरोबर बसा, मग मागच्या बाकावर बसा, मग थांब्यावर वाट पाहा. कित्येक महिने लागतील, पण ती वाट तिची होईल.

चौथा कोपरा, पैसा. भत्ता उशिरा येतो. जीपचे भाडे आजच द्यावे लागते. मधल्या काळासाठी मंडळीचा छोटा प्रवास निधी असावा. हा निधी सरकारी हक्काची जागा घेण्यासाठी नाही, तो मिळेपर्यंत शाळा सुटू नये म्हणून आहे.

एक कोपरा सुटला तर बाज कलंडते. आणि बाजेवरच्या माणसालाही विचारावे लागते: तुला कुठे जायचे आहे? मोठ्या मुलामुलींबाबत आपण हे विचारायला बहुधा विसरतो.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या परिसरात आठवीनंतर घरी बसलेली मुले कोण? त्यांपैकी दिव्यांग किती?
2. त्यांच्या वाटेत नेमके काय अडते : अंतर, पैसा, भीती की सोबत?
3. चारपैकी कोणता कोपरा आपले घर उचलू शकेल?

प्रार्थनेचा विषय : जी मुले दारापर्यंतही पोहोचली नाहीत त्यांच्यासाठी, आणि आपल्या हातांना बळ मिळावे म्हणून.